शीख धर्मात वैयक्तिक सल्ला कोणाला विचारायचा? ग्रंथी, पंज प्यारे, तख्त (माहितीचा धागा)

गोदाकाठ

घरातला वाद, लग्नाचा पेच, व्यसन, अमृत (शीख दीक्षा) घेतल्यावर मोडलेला नियम. अशा वेळी शीख कुटुंबातला माणूस कोणाचं दार ठोठावतो, याची माहिती मराठीत एका जागी सापडत नाही. नांदेडमुळे आपल्याकडे हा प्रश्न बऱ्याचदा निघतो, शिवाय मराठी-पंजाबी सोयरिकीही काही कमी नाहीत. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. "तुमचे धर्मगुरू कोण?" हा प्रश्न इथे बसत नाही. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोबिंदसिंगांनी ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली, त्यानंतर देहधारी गुरू नाही. ग्रंथी हा पुरोहितही नव्हे. तो ग्रंथसाहिबाची सेवा करतो, पाठ आणि अरदास (प्रार्थना) करतो. हे कोणीही शीख, बाई असो वा पुरुष, करू शकतो. बहुतेक गुरुद्वाऱ्यांत ग्रंथी हा कमिटीने नेमलेला पगारी माणूस असतो. त्याच्या सल्ल्याला अनुभवाचं वजन असतं, हुकमाचं नसतं.

तेव्हा प्रश्न काय आहे ते बघून माणूस निवडायचा. मन अस्वस्थ आहे, आधार हवा आहे, तर ग्रंथीजींना सांगून अरदास करायची आणि वाक घ्यायचं, म्हणजे ग्रंथसाहिब उघडेल तिथला शबद (पद) ऐकायचा. शबदाचा अर्थ कळत नाही, तर कथावाचक किंवा ज्यांना ग्यानीजी म्हणतात ते. सकाळच्या कथेनंतर प्रश्न विचारलेले त्यांना चालतात. अमृतधारी (अमृत घेतलेल्या) माणसाकडून मर्यादा, म्हणजे शीख आचारनियम, मोडली, तर पंज प्यारे, म्हणजे पाच अमृतधारी शिखांचं मंडळ. कमिटीची मनमानी, पावत्यांचा घोळ, ग्रंथीची वागणूक, यासाठी प्रधान आणि सेक्रेटरी. सगळ्या पंथाला लागू होईल असा प्रश्न असेल तरच अकाल तख्त, म्हणजे अमृतसरचं सर्वोच्च धर्मपीठ. नवरा-बायकोचं भांडण घेऊन थेट अमृतसरला पत्र लिहिणारे लोक आहेत. त्यातून काही निघत नाही, कारण तिथे पोहोचायच्या आधी स्थानिक संगतीने ते ऐकलेलं असावं लागतं.

वेळेचं म्हणाल तर पहाटे आसा दी वार चालू असते, संध्याकाळी रहिरास. या दोन्ही पाठांच्या वेळी ग्रंथी मोकळा नसतो. सकाळचा दिवाण (संगतीची सभा) संपून प्रसाद वाटला गेला की दुपारच्या आत गाठावं. मुंबई-पुण्याच्या गुरुद्वाऱ्यांत रविवारी सगळ्यात जास्त गर्दी, म्हणून बोलायला रविवार सगळ्यात वाईट. आठवड्यातला दुसरा कुठलाही दिवस धरा.

---

कडाहप्रसाद

चांगला धागा. वाक घेण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

क्रम असा. अरदास करणाऱ्याला आधीच नाव आणि कारण सांगायचं. मोठ्या गुरुद्वाऱ्यांत काउंटरवर नाव लिहून पावती मिळते. छोट्या ठिकाणी चिठ्ठी चालते. कारण एका ओळीत लिहा: "घरात शांतता", "परीक्षा", "आईची तब्येत". सगळा इतिहास लिहिला तर तो भर संगतीत वाचला जाण्याची शक्यता असते, हे ध्यानात असू द्या. मग सगळे हात जोडून उभे राहतात, अरदास होते, मथा टेकतात, बसतात. ग्रंथी रुमाला (ग्रंथावरचं वस्त्र) बाजूला करतो आणि ग्रंथसाहिब सहज जिथे उघडेल तिथे उघडतो.

वाचायचं डाव्या पानावर वर जो शबद चालू आहे तो. तो आदल्या पानावर सुरू झाला असेल तर पान मागे उलटून पहिल्या ओळीपासून वाचायचा. वार (सलोक आणि पौडी म्हणजे कडवी असलेली दीर्घ रचना) निघाली तर पौडीच्या आधीच्या सलोकांपासून पौडी संपेपर्यंत. शेवट 'नानक' नाव येणाऱ्या ओळीवर. भगतांचा शबद असेल तर तिथे त्यांचं नाव येतं. संत नामदेवांचे ६१ शबद ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे वाक म्हणून नामदेव निघणं अजिबात दुर्मीळ नाही.

चुकतं कुठे? लोक होय-नाहीचं उत्तर मागायला जातात. नोकरी सोडू का, हा मुलगा करू का. शबद तसं बोलत नाही. तो बहुधा अहंकार, भीती, लोभ, नामस्मरण यांवरच असणार, कारण १४३० अंगांत (पानांत) बहुतांश तेच आहे. मग मनासारखं आलं नाही म्हणून संध्याकाळी दुसऱ्या गुरुद्वाऱ्यात जाऊन पुन्हा वाक. हा कौल लावण्याचा प्रकार झाला, आणि समंजस ग्रंथी तोंडावर तसं सांगतात. दुसरी चूक, अख्ख्या शबदातली एकच ओळ उचलायची. 'रहाउ' लिहिलेली ओळ आधी बघा, मध्यवर्ती म्हणणं तिथे असतं. बाकीची पदं तिच्याभोवती फिरतात.

अॅपवरचे अर्थ जपून घ्यावेत. भाषा एकाच प्रांताची नाही. पंजाबी, व्रज, फारसी शब्द, काही ठिकाणी चक्क मराठी वळणं. शबद आणि अंग क्रमांक टिपून ठेवा आणि ग्यानीजींना निवांत विचारा.

---

तिरपागडं

म्हणजे पत्रिका, मुहूर्त, शांत वगैरे काही सांगतच नाहीत? आमच्या भागात एक बाबाजी कडं आणि मंतरलेलं पाणी देतात असं ऐकलं आहे.

---

गोदाकाठ

मर्यादेत नाही. १९४५ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने मंजूर केलेली शीख रहत मर्यादा मुहूर्त, ग्रह, तिथी, श्राद्ध, ताईत, मंत्रतंत्र हे सगळं नाकारते. अखंड पाठाच्या वेळी कुंभ, तुपाचा दिवा, नारळ ठेवू नये असंही त्यात स्पष्ट आहे. तरीही सुखमनी साहिबच्या (ग्रंथसाहिबातल्या एका दीर्घ रचनेच्या) पाठाला बाजूला पाण्याची बाटली ठेवणारी घरं भरपूर. श्रद्धेने ठेवतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. पण ते तीर्थ पिऊन औषध बंद करा असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

---

दखनी_कौर

नांदेडपुरतं लिहिते.

तख्त सचखंड श्री हजूर साहिबची स्वतःची मर्यादा आहे आणि ती अमृतसरच्या मर्यादेहून बऱ्याच बाबतींत वेगळी आहे. इथे दसम ग्रंथाचाही (गुरू गोबिंदसिंगांच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ) प्रकाश होतो, म्हणजे तोही उघडून मांडतात, आरतीची रीत आहे, रोज गोदावरीचं पाणी गागरीतून आणून सेवा होते. त्यामुळे पंजाबातून वाचून आलेला माणूस इथे येऊन "हे मर्यादेत नाही" म्हणतो, आणि इथला माणूस तिकडे जाऊन उलट म्हणतो. सल्ला विचारताना पहिला प्रश्न हाच करावा: आपण कोणत्या मर्यादेनुसार सांगताय? अर्धे वाद तिथेच मिटतात.

इथे पंज प्यारे ही ठरलेली पदं आहेत: जथेदार (तख्ताचे प्रमुख), मीत म्हणजे उप जथेदार, हेड ग्रंथी, मीत ग्रंथी आणि धूपिया. बोर्ड वेगळं. गुरुद्वारा बोर्ड १९५६ च्या कायद्याखाली चालतं. त्याच्याकडे यात्री निवास, जमिनी, नोकऱ्या, हिशेब. धार्मिक प्रश्न घेऊन बोर्डाच्या ऑफिसात गेलात तर ते तख्ताकडे पाठवतील, खोलीची तक्रार घेऊन जथेदारसाहेबांकडे गेलात तर ते बोर्डाकडे. एक चक्कर वाचवा.

जथेदारसाहेबांची भेट सणावारी जवळपास अशक्य. दसरा, दिवाळी, होला मोहल्ला, गुरुगादी पर्व टाळून या. साधा घरगुती प्रश्न असेल तर तिथवर जायचीही गरज नाही. शहरात इतरही ऐतिहासिक गुरुद्वारे आहेत, तिथले वयस्कर ग्रंथी निवांत भेटतात. भाषेची काळजी नको. इथल्या दखनी शिखांशी मराठीत बिनधास्त बोला.

---

राही_औंध

ताई, अमृतधारी माणसाचं पंज प्याऱ्यांपुढे जाणं म्हणजे नक्की काय असतं? लोक फार घाबरतात.

---

कडाहप्रसाद

त्याला 'पेश होणं' म्हणतात. चार मोठ्या कुरहिती (निषिद्ध गोष्टी) आहेत: केस कापणं, कुट्ठा म्हणजे हलाल मांस खाणं, परस्त्री-परपुरुष संबंध, तंबाखू. यातली एखादी घडली तर पुन्हा अमृत घ्यावं लागतं. त्याखालच्या चुकांना नुसती तनखा, म्हणजे प्रायश्चित्त, लागते.

मर्यादेतली रीत अशी: ज्याच्याकडून चूक झाली त्याने जवळच्या संगतीसमोर उभं राहून ती कबूल करायची. संगत ग्रंथसाहिबाच्या हजेरीत पाच प्यारे निवडते. ते विचार करून तनखा सुचवतात. माफी देताना संगतीने हट्ट धरू नये, आणि तनखा लागलेल्याने घासाघीस करू नये, दोन्ही बाजूंना ही ताकीद आहे. तनखा शक्यतो हाताने करायची सेवा असावी असंही लिहिलं आहे. शेवटी अरदास.

प्रत्यक्षात काय मिळतं? जोडाघरात चपला पुसणं, लंगरची भांडी, अमुक इतके जास्तीचे पाठ. अमृतसंचार (दीक्षाविधी) असतो त्या दिवशी पेशीचीही सोय बऱ्याच ठिकाणी असते आणि ती बंद खोलीत होते, चारचौघांत नव्हे. केसांसकट स्नान करून, पाचही ककार (शिखांची पाच चिन्हं) अंगावर घेऊन जायचं. जे झालं ते दोन वाक्यांत सांगायचं. "पण त्या वेळी परिस्थिती अशी होती की" सुरू केलं की पेशी लांबते.

पेपरात येतं ते टोकाचं रूप. डिसेंबर २०२४ मध्ये अकाल तख्ताने सुखबीरसिंग बादल यांना तनखा लावली, तेव्हा गळ्यात पाटी, दाराशी सेवादार म्हणून बसणं, भांडी घासणं हे सगळं जाहीर झालं. ते राजकीय नेत्याचं जाहीर प्रकरण होतं. घरगुती पेशीचा त्याच्याशी संबंध लावू नका.

आणि निर्णय पटला नाही तर? स्थानिक संगतीच्या निर्णयावर अकाल तख्ताकडे अपील करता येतं. तशी तरतूद आहे.

---

शिस्तीत_बोला

सगळे ग्रंथी-जथेदारांवरच बोलताहेत. डेरे (बाबांचे आश्रम) आणि संतबाबांचं काय? पंजाबात लाखो लोक त्यांच्याकडेच जातात. सगळ्यांना एका फटक्यात भोंदू ठरवणार का?

---

दखनी_कौर

नाही ठरवणार. संप्रदाय आहेत, टकसाल (धार्मिक पाठशाळेची परंपरा) आहे, निहंग (शस्त्रधारी शीख) दलं आहेत, कारसेवावाले (गुरुद्वारे बांधणारे) बाबा आहेत. त्यांनी विद्या, इमारती, लंगर उभे केले आहेत. गावच्या भांडणांत त्यांचा शब्द चालतो आणि पुष्कळदा तो शहाणपणाचा असतो. प्रश्न माणसापुढे मथा टेकण्याचा आहे. मथा फक्त ग्रंथसाहिबापुढे. बाबाजींना "वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह" म्हणा, हात जोडा, पुरे. जो पाया पडून घ्यायला पाय पुढे करतो त्याच्याकडून सल्ला घेताना दोनदा विचार करा.

धोक्याच्या खुणा माझ्या मते या: उपायाला ठरलेला दर, बाईमाणसाला एकटीला आत बोलावणं, घरच्यांना सांगू नको म्हणणं, फोटो किंवा कपडा मागणं, डॉक्टरचं औषध सोडायला सांगणं. यातली एक दिसली तरी बस. पैसा टाकायचा तर गोलकात (दानपेटीत) टाका, नाहीतर पावती घ्या. पाठी (पाठ करणारा) घरी येऊन पाठ करून गेला तर त्याला भेट देतात, ती गोष्ट वेगळी.

---

शिस्तीत_बोला

मान्य. "गोलकात टाका" हे मात्र ठळक करायला हवं.

---

सुईदोरा

बायकांसाठी एक मुद्दा राहिला. सासरचा जाच, मूल न होणं, नवऱ्याचं पिणं हे ग्रंथीजींना कसं सांगायचं? बहुतेक गुरुद्वाऱ्यांत इस्त्री (स्त्री) सत्संग असतो. आठवड्यातल्या ठरलेल्या दुपारी बायका जमून सुखमनी साहिब वाचतात. त्यात २४ अष्टपद्या आहेत, वाचायला साधारण दीड तास. पाठानंतर चहाच्या वेळी ज्या वयस्कर बीबीजी सेवा लावत असतात, त्यांच्या कानावर घालावं. त्यांना घरं माहीत असतात, कोणाच्या सासूला कोण समजावू शकेल तेही माहीत असतं. समेटाचं खरं काम अशा ठिकाणी होतं. अर्थात मारहाण असेल तर समेट नको, १८१ (महिला हेल्पलाइन) लावा. काही ठिकाणी "बेटा, निभा लो" सांगितलं जातं, तसला सल्ला मनावर घेऊ नये.

गुप्ततेबद्दलही सांगते. चर्चमधल्या कबुलीजबाबासारखी बंधनकारक गुप्तता इथे नाही. ग्रंथी कमिटीचा नोकर, कमिटीत तुमच्या चुलतसासऱ्यांचे मित्र. बोलण्याआधीच "ग्यानीजी, हे आपल्यातच राहू द्या" असं स्पष्ट म्हणावं. फारच नाजूक असेल तर दुसऱ्या भागातल्या गुरुद्वाऱ्यात जावं. कोणी विचारत नाही कुठून आलात.

---

गोदाकाठ

सुईदोरा, +१. व्यसन आणि नैराश्याबद्दल जोडतो: ग्रंथीचं शिक्षण पाठ, संथा (शुद्ध वाचनाचा अभ्यास), कीर्तन, अर्थ यांचं असतं, समुपदेशनाचं नसतं. तो धीर देईल, रोज संगतीत यायला सांगेल, सेवेला लावेल. दारू सोडणाऱ्याला पहाटे उठून भांड्यांच्या सेवेवर लावणं याचा उपयोग होतो, कारण दिवसाला आकार येतो आणि आजूबाजूला न पिणारी माणसं असतात. पण थरथर, भास, झोप उडणं दिसलं तर दवाखाना. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, मराठीतही बोलता येतं. अरदास सोबत चालू राहू द्या, कोणी अडवत नाही.

अवांतर: कबीरांच्या सलोकांत, अंग १३७५-७६ वर, त्रिलोचन आणि नामदेव यांचा संवाद आहे. त्रिलोचन मित्राला टोकतात की अजून कापडच छापत बसलास, रामाकडे चित्त कधी लावणार? नामदेव म्हणतात, तोंडाने राम म्हण, हातपाय कामात राहू देत, चित्त त्याच्यापाशी. दोन सल्लागार, दोघेही भगत, आणि कोणी कोणाच्या वरचा नाही. घरसंसार सोडून सेवेला जाऊ का, असं विचारणाऱ्याला ग्यानी लोक बहुधा हाच सलोक दाखवतात.

---

नवी_सोयरीक

आमच्याकडे मुलगी मराठी हिंदू, मुलगा शीख. दोन्ही घरं राजी आहेत. मुलाकडच्यांना आनंद कारज (शीख विवाहविधी) हवं आहे, गोव्यात किनाऱ्यावर करायचा विचार आहे. ग्रंथीजींशी कधी आणि काय बोलायचं?

---

कडाहप्रसाद

हॉलचं ॲडव्हान्स देण्याच्या आधी बोला. निदान चार-सहा महिने हाताशी ठेवा.

किनारा विसरा. समुद्रकिनारी किंवा रिसॉर्टवर ग्रंथसाहिब नेऊन आनंद कारज करायला अकाल तख्ताने २०२३ मध्ये मनाई केली आहे. कोणी "मॅनेज करतो" म्हणाला तरी नंतर त्या ग्रंथीची पेशी होईल आणि तुमच्या लग्नाचे व्हिडिओ फिरतील. आनंद कारज गुरुद्वाऱ्यात, जेवणावळ कुठेही.

दुसरं, मुलगी हिंदू हा खरा मुद्दा. रहत मर्यादेप्रमाणे आनंद कारज दोन शिखांचंच होतं. प्रत्यक्षात गुरुद्वाऱ्यागणिक वागणूक वेगळी. काही सरळ नाही म्हणतात, काही मुलीने शीख धर्म मानत असल्याचं लिहून द्यावं आणि नावापुढे कौर लावावं असं सांगतात. इथे मुलीला काय मनापासून मान्य आहे ते आधी घरात ठरू द्या. ग्रंथीसमोर खोटं लिहून देण्यापेक्षा विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी करा. ३० दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. मग गुरुद्वाऱ्यात नुसती अरदास, कीर्तन आणि लंगर ठेवता येतं. त्याला कोणाची हरकत नसते आणि दोन्ही कुटुंबं एका पंगतीत बसतात.

आनंद कारज ठरलंच, तर चार लावांचा (फेऱ्यांच्या वेळी म्हणायच्या पदांचा) अर्थ ग्यानीजींकडून दोघांनी आधी बसून समजून घ्यावा. अंग ७७३-७४, राग सूही, गुरू रामदासांची रचना. चांगले ग्यानी यासाठी तासभर सहज देतात, मागावा मात्र लागतो. मुहूर्त विचारू नका, दिवस बहुधा गुरुद्वाऱ्याच्या तारखांवर ठरतो.

---

नवी_सोयरीक

धन्यवाद, किनाऱ्याचं माहीतच नव्हतं. मुलीचे आईवडील पहिल्यांदाच ग्रंथीजींना भेटणार आहेत. जाताना काय न्यायचं, काय टाळायचं?

---

दखनी_कौर

काही न्यायचं नाही. हवं तर काउंटरवर देग लावा, म्हणजे कडाह प्रसाद. कणीक, तूप, साखर समान वजनाने असते, ते लोक करतात, तुम्ही फक्त पावती घ्यायची. नारळ, हार, पेढे नकोत.

डोकं झाका. रुमाल दारात मिळतो पण तो सुळसुळीत असतो, वाकताना हमखास पडतो. सुती मोठा रुमाल घरून न्या, आईंनी ओढणी किंवा पदर. पाय धुऊन आत. आत गेल्यावर पहिल्यांदा ग्रंथसाहिबापुढे, मग ग्रंथीजींकडे, उलट नको. बसताना पाय ग्रंथसाहिबाकडे करायचे नाहीत. गुडघे दुखत असतील तर मागे भिंतीशी बसा, बऱ्याच ठिकाणी बाक असतो. "ग्यानीजी" म्हणा, "महाराज" नको.

आणि वडिलांच्या खिशातली तंबाखू-चुन्याची पुडी किंवा गुटखा गाडीतच राहू द्या. खिशात आहे हे नुसतं कळलं तरी बोलणं तिथेच संपतं. सिगारेट विझवून लगेच आत जाणंही नको, वास येतो. भेटीच्या दिवशी सकाळपासूनच ते टाळलेलं बरं.

---

नवी_सोयरीक

वडील सकाळी मशेरी लावतात. तीही तंबाखूच ना?

---

दखनी_कौर

हो, तीही.